वॉर्डातला उजेड

लेकीचं पत्र येऊन पडलं त्याला आता सगळा उन्हाळा उलटून गेला होता, आणि तिच्या बापानं, तिघा भावांतल्या मधल्यानं, त्याला उत्तर दिलं नव्हतं.

हरवलं म्हणावं तर तसंही नाही. ते कुठे आहे हे त्यानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. दुकानात, भिंगांच्या कडा घासायच्या चाकाशेजारी, रिकाम्या पाकिटांच्या गठ्ठ्याखाली. दिवसातून एकदा तरी तो गठ्ठा उचलायचा, पत्र आहे ना ते बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. वाचायची गरज नव्हती. पत्र एवढंसं होतं आणि ते त्याला पाठ झालं होतं.

‘बाबा, आजी फोनवर म्हणाली की दवाखान्यात तुम्हाला प्रकाश दिसला आणि तेव्हापासून तुमची दारू सुटली. मी रोज तसल्याच वॉर्डात काम करते. खाटेच्या वर कसले दिवे असतात ते मला माहीत आहे. पण तुम्हाला खरंच काही दिसलं असेल तर तसं सांगा, मी विश्वास ठेवीन. आजवर तुम्ही जे जे सांगितलंत त्या सगळ्यावर ठेवलाच होता. फोन करू नका. फोनवर तुम्ही फार गोड बोलता.’

‘हो’ लिहावं तर ते खोटं होतं. ‘नाही’ लिहावं तर तेही कुठेतरी खोटंच वाटत होतं, आणि का वाटतं ते त्याला सांगता येत नव्हतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. असल्या गोष्टीचं माणसानं करावं काय? मधल्यानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. गठ्ठ्याखाली ठेवलं.

खरं म्हणजे दवाखान्यात घडलं होतं ते इतकंच. दारू एकाएकी तुटल्यामुळे त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं, चादरीवर नसलेल्या मुंग्या चालत होत्या, आणि वरची ट्यूबलाइट थेट डोळ्यांत घुसत होती. तो ओरडला, “उजेड, केवढा उजेड.” उशाशी आई बसली होती. ती गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली टेकली आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी तिनं चर्चच्या पाळकांना सांगितलं, पाळकांनी रविवारी मंडळीला सांगितलं, आणि मधला हिंडूफिरू लागून घरी येईपर्यंत तो उजेड त्याच्या आधीच घरी पोचून बसला होता. लोक हात हातात घेऊन विचारत, “कसा होता हो?” हा खाली बघून हसायचा. लोकांना वाटायचं, विनय.

आणि आता उद्या रविवार होता. त्यांच्या मंडळीत जुना शिरस्ता होता. जो माणूस वर्षानुवर्षं प्रभूच्या मेजापासून दूर राहिला, त्यानं परत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची. मग त्याला भाकर आणि प्याला मिळायचा. मधल्याला तो हवा होता. का हवा होता, विश्वास परत आला म्हणून की एकटं बसायचा कंटाळा आला म्हणून, याचा त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. पण हवा होता, भूक लागावी तसा. भुकेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. मंडळी मात्र विचारते.

कारण काय सांगायचं ते थोरल्या भावानं लिहून आणलं होतं.

शनिवारी दुपारी त्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि सगळ्यांना डोळे तपासायच्या खोलीत बोलावलं. आई तपासणीच्या उंच खुर्चीत बसली, कारण घरात तीच एक खुर्ची तिच्या गुडघ्यांना मानवायची. तिच्या मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. ताई, म्हणजे सगळ्यांत मोठी बहीण, आपल्या लाँड्रीतून तशीच उठून आली होती आणि तिच्या अंगाला इस्त्रीचा वास येत होता. वहिनी चहा घेऊन आली. थोरला मंडळीच्या पंचांपैकी एक, त्यामुळे चार कागद हातात आले की त्याचा आवाज आपोआप चर्चमधला व्हायचा.

“‘मी पापाच्या गर्तेत आकंठ बुडालेला एक अभागी जीव होतो,’” त्यानं सुरुवात केली.

“कोण?” आईनं विचारलं.

“मधला, आई.”

“मग त्याला वाचू दे की.”

“उद्या तोच वाचणार आहे. आज नुसतं ऐकून घ्या.”

“गर्तेत म्हणजे नेमकं कुठे?” ताई म्हणाली. “हा तर माझ्याकडे वरच्या खोलीत होता. माझ्या खोलीला गर्ता म्हणतोस?”

“ताई, ती बोलायची पद्धत असते.”

“पद्धत असू दे. ताईनं ठेवून घेतलं एवढं एक वाक्य घाल. बाकी काहीही म्हण.”

“घालायचंच असेल तर सगळंच घाला,” वहिनी कप ठेवत म्हणाली. “तुम्ही ठेवून घेतलंत त्याच्या आधी सहा वर्षं इथे कोण दार उघडत होतं? अर्ध्या झोपेतून?”

“तू उघडत होतीस, मग तूच बंद केलंस.”

“मुली मोठ्या होत होत्या, ताई.”

“मी काही म्हटलंय का?”

मधला तपासणीच्या भिंगांची पेटी मांडीवर घेऊन एकेक भिंग पुसत बसला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वहिनीनं दार उघडलं होतं, वहिनीनंच बंद केलं होतं, आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं. आपल्यामुळे या दोघींना आजही एकमेकींसमोर हिशेब मांडावा लागतो, या विचारानं त्याचा अंगठा भिंगावर थांबला. थांबल्यानं डाग पडला. त्यानं तो परत पुसला.

“पुढे,” थोरला म्हणाला. “‘पुतणीच्या लग्नाच्या मंगल दिवशी मी मद्यधुंद अवस्थेत...’”

“ते काढा,” वहिनी म्हणाली.

“केक पाडला ते?” थोरल्यानं विचारलं.

“केक, आणि टेबल, आणि सगळंच. व्याही दुसऱ्या रांगेत बसतात.”

“व्याह्यांनी डोळ्यांनी बघितलंय,” ताई म्हणाली. “क्रीम त्यांच्याच कोटावर होतं. माझ्याकडेच आला होता तो कोट धुवायला.”

“बघितलेलं माणूस विसरतो. परत ऐकवलं की परत दिसतं. भावोजी, तुम्ही सांगा ना यांना.”

“काढला तर बरं होईल, दादा,” मधला म्हणाला.

थोरल्यानं चष्मा वर सरकवला. “तुम्हाला कळत नाही. साक्षीत पतन लागतंच. जेवढं पतन खोल तेवढी कृपा मोठी.”

“आणि तेवढा ती लिहिणाराही मोठा,” ताई पुटपुटली. वहिनी नको नको म्हणत हसली, आणि मघाच्या भांडणातल्या दोघी आता एका बाजूला झाल्या. थोरला एकटा पडला. एकटा पडला की तो भरभर वाचायचा.

“‘दारूमुळे माझा विश्वास नष्ट झाला आणि मी देवाला विसरलो.’”

“उलटं आहे ते,” मधला म्हणाला.

“काय उलटं?”

“विश्वास आधी गेला. दारू नंतर आली.”

सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांचे वडील याच खोलीत चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावत आले आणि शेवटी स्वतः आंधळे झाले. रोज जेवायला बसताना ते हातानं ताट चाचपायचे आणि आभाराची प्रार्थना म्हणायचे. पूर्वी म्हणायचे त्याहून लांब. मधला समोर बसायचा आणि त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आभार कसले मानताय, असं एकदा तो भर जेवणात विचारून बसला. वडील आवाजाच्या दिशेनं वळले, पण वळले ते थोडे बाजूला, रिकाम्या खुर्चीकडे, आणि हसून म्हणाले, “ते तुला सांगून कळायचं नाही रे.” त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं. तोवर त्यानं दारूचा थेंबही घेतला नव्हता.

“तसं म्हणून चालणार नाही,” थोरला जरा मऊ आवाजात म्हणाला. “दारूनं विश्वास गेला हे लोकांना समजतं. शुद्धीतल्या माणसाचा विश्वास गेला म्हटलं की लोक घाबरतात. आपापल्या घरात बघायला लागतात.” मग कागद उलटला. “हां, आता हे ऐका. ‘आणि मग माझ्या खाटेवर स्वर्गीय प्रकाश उतरला.’”

आईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले. “हो,” ती म्हणाली. “हो, हो.”

मधल्यानं वर बघितलं तर ताई त्याच्याकडेच बघत होती.

“दादा, तेवढं राहू दे का?” तो म्हणाला.

“काय राहू दे?”

“ते उजेडाचं.”

“वेडा का खुळा तू? तेच तर आहे सगळं. तो परिच्छेद काढला तर उरलं काय, केक? पाळकांनी उद्याचं प्रवचन त्याच्यावर बांधलंय.” आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आईकडे बघ जरा.”

मधल्यानं आईकडे बघितलं. वडील गेल्यापासून इतका निवांत चेहरा त्यानं तिचा पाहिला नव्हता. त्यानं पेटीतलं पुढचं भिंग पुसायला घेतलं.

कप विसळायला तो आणि ताई मागच्या मोरीपाशी गेले. ताईनं नळ मोठा सोडला, म्हणजे आत ऐकू जाणार नाही.

“लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. आपल्या आईनं ट्यूबलाइटवरून गाठला.”

“तू तिथे होतीस.”

“होते म्हणजे? त्या दिव्यावर टॉवेल मी टाकला. लाँड्रीतलाच होता, निळ्या काठाचा. स्टुलावर चढले आणि टाकला. मग तू झोपलास.”

“तेव्हाच का बोलली नाहीस?”

“आईचा चेहरा बघितलास ना आत्ता? तेव्हा याच्या दुप्पट होता. मी कोण तो विझवणारी?” तिनं कप पालथा घातला. “लेकीला लिहिलंस का काही?”

“काय लिहू?”

“मला विचारतोस? मी कपडे धुते.” मग त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, “पण तुला आता वाटतं का? देव आहे वगैरे?”

त्यानं कप पुसता पुसता सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर पुष्कळ महिन्यांनी, एका दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू खाली पडला. मोहरीच्या अर्ध्याएवढा. गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून त्यानं तो शोधला. सापडला तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, “आभारी आहे.”

“कुणाला म्हणालास?”

“तेच कळेना. दुकानात कुणी नव्हतं.”

“स्क्रूला म्हणाला असशील.”

“असेल.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं. काहीच सापडलं नव्हतं तरी. बघू या काय होतं म्हणून.”

“आणि?”

“बरं वाटलं. मग लाज वाटली. मग बाबांसारखं वाटलं. मग पुन्हा म्हटलं.”

ताईनं नळ बंद केला. “हे काही साक्षीत बसणार नाही रे,” ती म्हणाली, आणि पदराला हात पुसता पुसता तिनं तोच पदर डोळ्यांना लावला.

रविवारी मंडळी भरली होती. उजेडाची बातमी जुनी झाली तरी ज्याला तो दिसला त्याच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. आई पहिल्या रांगेत, वहिनी तिच्या शेजारी, व्याही दुसऱ्या रांगेत नव्या कोटात. मेजावर पांढरं कापड, त्याखाली भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले. थोरला मेजाच्या कडेला उभा. त्याचे ओठ हलत होते. मजकूर त्याला पाठच होता.

मधला उभा राहिला. कागद उघडला. “‘मी पापाच्या गर्तेत आकंठ बुडालेला एक अभागी जीव होतो,’” त्यानं वाचलं, आणि थांबला. अक्षरं थोरल्याची होती, ठसठशीत, म्हाताऱ्यालाही दिसतील अशी. पुढची ओळही त्याला दिसत होती आणि तिच्या पुढचीही, पार खाली त्या प्रकाशापर्यंत. ती वाचली की भाकर मिळणार होती. आई सुखानं मरणार होती. फक्त लेकीला मग कधीच काही लिहिता आलं नसतं. आणि ती भाकर, ती तरी घशाखाली उतरली असती का? घास न उतरणं काय असतं ते त्याला चांगलं माहीत होतं.

“हे माझ्या भावानं लिहून दिलंय,” तो म्हणाला. “चांगलं लिहिलंय. पण मला दवाखान्यात प्रकाश दिसला नाही. डोक्यावर ट्यूबलाइट होती. डोळ्यांत जात होती म्हणून मी ओरडलो. माझ्या बहिणीनं तिच्यावर टॉवेल टाकला.”

कुणीतरी मागून सवयीनं “आमेन” म्हणालं आणि मग खोकलं.

“मला आधीच सांगायला हवं होतं,” मधला म्हणाला. “दारू सुटली आहे. कशी...”

“दिवा नव्हता,” आई म्हणाली.

तिला ऐकू कमी यायचं म्हणून ती मोठ्यानं बोलायची. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

“आई,” मधला म्हणाला.

“तू शुद्धीवर होतास का?”

“नव्हतो.”

“मी होते.”

एकजण हसला. मग दोन-तीन जण हसले, आणि पाळकांनी खाली मान घातली, ती हसण्यासाठी की प्रार्थनेसाठी ते कळलं नाही. मधला कागद हातात धरून उभा होता. त्याला वाटलं होतं, खरं बोललं की आई मोडेल, नाहीतर माफ करेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती सरळ त्याला खोटा पाडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. क्षणभर त्याला स्वतःचीच शंका आली. टॉवेल टाकल्यावरही उजेड होता का? त्याला आठवेना. ताईकडे बघितलं तर ताई छताकडे बघत होती.

“आई म्हणते दिवा नव्हता,” तो शेवटी म्हणाला. “ती शुद्धीवर होती, मी नव्हतो. तेव्हा तिच्याशी मला वाद घालता येणार नाही. मला जे दिसलं ते मी सांगितलं. आता मी रोज आभार मानतो. कुणाचे, ते दर वेळी कळतं असं नाही. मला या मेजाशी बसायचंय. एवढंच मला नक्की माहीत आहे. तुम्हाला पुरत नसेल तर मी मागे बसतो.”

तो खरोखरच मागे जाऊन बसला, दाराजवळच्या बाकावर, जिथे उशिरा येणारे बसतात.

पाळकांनी प्रवचनाचे कागद चाळले, मग बाजूला ठेवले आणि एक जुनं स्तोत्र सांगितलं. सगळी कडवी. स्तोत्र संपल्यावर पंच भाकरीच्या थाळ्या घेऊन रांगांमधून फिरू लागले. दाराकडची रांग थोरल्याकडे होती. तो येताना मधल्याला दिसत होता: कान लाल झालेले, थाळी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. एकेक माणूस घेत होता. थोरला त्याच्यापाशी येऊन थांबला आणि थाळी पुढे केली नाही.

“पाळकांकडे प्रवचन उरलं नाही आता,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे, दादा.”

“रात्र रात्र जागून लिहिलं होतं मी.”

“चांगलं लिहिलं होतंस.”

थोरला तसाच उभा. पुढची बाई मान वळवून बघू लागली. त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. पंच म्हणून त्याला पाळकांकडे बघायला हवं होतं, आणि पाळक तर थोरल्याकडेच बघत होते.

“बाबांचा तुला खरंच एवढा राग होता?” त्यानं विचारलं.

“होता.”

“मला पण,” थोरला म्हणाला. आणि थाळी पुढे केली. “घे. लोक थांबलेत.”

मधल्यानं तुकडा घेतला. तो कोरडा होता, जरा शिळाही. काहीही उजळलं नाही. त्याला वाटलं, आता काहीतरी वाटायला हवं. मग वाटलं, आपण वाट बघतोय म्हणून वाटत नाहीये. आणि या गोंधळात घास कधी उतरला ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी घरी आईनं त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि सूप वाढलं. उजेडाविषयी ती चकार शब्द बोलली नाही. वहिनी म्हणाली, केकचं काढलंत ते बरं केलंत भावोजी. ताई म्हणाली, आता त्या टॉवेलला कुणी गिऱ्हाईक हात लावणार नाही. थोरला कुणाशी न बोलता जेवला आणि दुसऱ्यांदा सूप मागितलं.

जेवण झाल्यावर मधला दुकानात गेला. शटर बंदच होतं. त्यानं कामाच्या मेजावरचा दिवा लावला, गठ्ठा बाजूला केला आणि लिहिलं:

‘दिवाच होता. एका टोकाला काळा पडलेला. तुझ्या आत्यानं त्यावर टॉवेल टाकला. आजी म्हणते दिवा नव्हता, आणि आज ती हे भर मंडळीत म्हणाली. शुद्धीवर ती होती. तेव्हा तू विचारलंस त्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. दारू सुटली आहे. कशानं सुटली ते मला नीट सांगता येत नाही. प्रार्थना करतो. समोर कुणी आहे असं कधी वाटतं, कधी वाटत नाही. तरी करतो. तुझ्या आजोबांच्या आभारांचा मला फार राग होता. तो राग हल्ली शोधला तरी सापडत नाही. हे मी गोड बोलत नाहीये. आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी हे असंच राहील.’

पाकीट चिकटवून तो कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी गेला. रविवार असल्यामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि धरून ठेवलं. ‘शुद्धीवर ती होती’ हे तिला उपहासाचं तर वाटणार नाही? ‘असंच राहील’ म्हणजे काय असंच? तो ओढून काढणार तेवढ्यात बोटं सैल पडली, की त्यानंच सोडलं, आणि तळाशी पाकीट पडल्याचा आवाज आला.

तेव्हा त्याला आठवलं की तू कशी आहेस हे विचारायचं राहूनच गेलं. त्यासाठी आता दुसरं पत्र लिहावं लागणार होतं.